बावीस दिवसांचं तळं

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. गेल्या ऑक्टोबरपासून माझी कंबर अशी झाली आहे की वाकलो तर आठांपैकी सहाच अंगं जमिनीपर्यंत पोचतात. तेव्हा सध्या सहा अंगांचा नमस्कार गोड मानून घे. मी वजनकाटे तपासणारा माणूस. रोज दुकानोदुकानी जाऊन "माप पुरं द्या हो" म्हणून लोकांना सांगायचं आणि स्वतः आत्याला नमस्कार कमी भरून द्यायचा, हे मनाला पटेना, म्हणून आधीच कबूल केलं.

तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली असेल अशी आशा करतो. नसेल निघाली तर हे पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, मजकूर घरगुती आहे. (आणि निघाली असेल तर एका बैठकीत वाचून डोळा शिणवू नकोस. थोडक्यात लिहायचं ठरवून मी तीन कच्चे खर्डे केले. प्रत्येक खर्डा आधीच्यापेक्षा दीड पानाने वाढत गेला, तेव्हा चौथा करायचं धाडस झालं नाही.)

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिण्याची पद्धत आहे. तुझी सूनबाई ठणठणीत आहे. मी कंबर वगळता ठणठणीत आहे. बाबा जेवतात, झोपतात, पेपर वाचतात, फक्त बोलत नाहीत. हे मी उगाच म्हणत नाही, माझ्या रोजनिशीत नोंदी आहेत. पूर्वी एका जेवणात बाबांची सरासरी सतरा वाक्यं होत, त्यातली नऊ मिठाबद्दल. गेल्या सप्टेंबरपासून तीन होतात: "वाढ", "पुरे" आणि "दार लाव". (यांना वाक्यं म्हणावं की नुसते शब्द, याबद्दल माझ्या मनात शंका आहे, पण मी बाबांच्या बाजूने मोजलं.) असं का झालं हे तुला कुणीच कळवलं नसणार, कारण ज्याने कळवायला हवं होतं तो मीच, आणि मी सात महिने खर्डे करत बसलो.

सप्टेंबरातल्या एका रविवारी धाकटी आणि तिचे यजमान जेवायला आले. तुला जावईबापूंचा डोंगरांचा नाद ठाऊक आहे. पाठीवर पिशवी, पिशवीवर दुसरी पिशवी, तिला लोंबणारा एक पेला, असा त्यांचा अवतार असतो. ते त्याच आठवड्यात बाबांच्या रानातून परतले होते. बाबांचं रान म्हणजे नकाशाचा एकोणचाळीस नंबरचा ताव. बाबांनी नकाशाच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली, पण त्यातली सगळ्यात आवडती साडेतीन वर्षं या एका तावावर गेली हे तूही त्यांच्या तोंडून ऐकलं असशील. विमानातून काढलेले दोन फोटो शेजारीशेजारी ठेवायचे, वर दोन भिंगांची घोडी ठेवायची, दोन्ही डोळे लावले की सपाट कागदातून डोंगर उठून उभा राहतो, आणि मग त्याच्या अंगावरून पेन फिरवत खाली उतरायचं. ते सगळं डोंगराळ रान, चाळीस मैलांत एक वस्ती नाही, अस्वलांखेरीज कुणाची वहिवाट नाही, बाबांनी खुर्चीत बसून पायाखाली घातलं. प्रत्यक्षात तिथला एक खडाही त्यांच्या बुटात कधी गेलेला नाही.

तर जावईबापू जेवताजेवता म्हणाले, "बाबा, तुमच्या तळ्यावर जाऊन आलो बरं का."

बाबांचा घास हातातच राहिला. त्या तावाच्या वरच्या कोपऱ्यात, खिंडीच्या पलीकडे, एक तळं आहे. साधारण भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचं. आम्ही लहानपणी तापात असलो की बाबा आम्हाला त्या तळ्याची गोष्ट सांगत. "कसं आहे?" बाबांनी विचारलं.

"तळं कुठलं हो! नुसतं माळरान. मेंढ्या चरत होत्या. मी मधोमध बसून डबा खाल्ला."

धाकटीने टेबलाखालून त्यांना लाथ मारली. ती मला लागली (डावी नडगी, नोंद आहे). जावईबापू मनाचे साफ आहेत, त्यांना वाटलं आपण गंमत सांगितली. बाबा म्हणाले, "अस्सं." आणि मग "पुरे", आणि थोड्या वेळाने "दार लाव". तेव्हापासून त्यांचं बोलणं या दोन शब्दांवर आलं. ("वाढ" नंतर, म्हणजे भूक लागल्यावर सुरू झालं.)

त्याच दिवशी मी रोजनिशीत लिहिलं: बाबांना तिथे न्यायचं. तळ्याच्या काठावर उभं करायचं, फोटो काढायचा, आणि त्याची मोठी प्रत जावईबापूंना वाढदिवसाला द्यायची. आत्या, या शेवटच्या वाक्यात थोडा दुष्टपणा आहे हे मला लिहितानाच दिसलं होतं. मी ते खोडलं नाही, हेही सांगतो.

जायचं हे एका मिनिटात ठरलं. कधी जायचं, यात मात्र मी बुडालो. त्या रानात जायला उत्तम ऋतू कोणता, हा प्रश्न तू चार माणसांना विचारून बघ. दाढीवाल्या दुकानदाराने (याचा काटा नेहमी अचूक असतो, म्हणून आधी त्याला विचारलं) छातीठोकपणे सांगितलं की हिवाळा, बर्फात सगळं कसं स्वच्छ दिसतं. तो कधी गेला होता म्हणून विचारलं तर म्हणे, गेलो नाही, कॅलेंडरवर बघितलंय. आमच्या साहेबांचे साडू उन्हाळ्यात गेले होते. ते म्हणाले उन्हाळ्यासारखा ऋतू नाही, फक्त तेवढ्या माश्या नसत्या तर. पावसाळ्यात गेलेली एक शिक्षिका डोळे मिटून म्हणाली, "स्वर्ग!" आणि मग तिने पोटरीवरचे जळवांचे बारा व्रण मला एकेक करून दाखवले. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: जो तो आपणच भोगलेल्या हालांची शिफारस करत होता. आणि प्रत्येकाला तिथे पोचल्यावर कुणीतरी सांगितलं होतं की तुम्ही पंधरा दिवस आधी यायला हवं होतं.

मग मी शास्त्रीय पद्धत धरली. माझ्याकडे एक जुना दोन पारड्यांचा काटा आहे. (कचेरीतली प्रमाण वजनं खासगी कामाला वापरणं नियमात बसत नाही, म्हणून मी वाटाणे वापरले.) एका पारड्यात ऋतूच्या गुणाला एक वाटाणा, दुसऱ्यात दोषाला एक. वाटाणे सारख्या वजनाचे असावेत म्हणून आधी चारशे वाटाणे तोलून त्यातले सव्वाशे निवडले, याला चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या दिवशी उन्हाळा आणि हिवाळा तंतोतंत समतोल झाले, आणि पावसाळ्याच्या एका वाटाण्यात कीड निघाल्यामुळे त्याचा निकाल राखून ठेवावा लागला. मी वही आणायला आतल्या खोलीत गेलो तेवढ्यात तुझ्या सूनबाईने टेबल आवरलं. त्या दिवशी जेवायला वाटाण्याची उसळ होती. उन्हाळ्यातला कोणता आणि हिवाळ्यातला कोणता हे आता सांगता येणार नाही.

"इतकं अडलंय तर जाऊन विचारा ना प्रवास कंपनीत," ती म्हणाली. मी गेलो. तिथल्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "ऑक्टोबर बेस्ट." कारण विचारलं तर म्हणाली, "ऑक्टोबरची दोन तिकिटं उरलीत."

आम्ही ऑक्टोबरात गेलो. आत्या, चौदा तास बस, मग पाच तास जीप, आणि जीपमध्ये माझ्या शेजारी एक गृहस्थ दरवाजा घेऊन बसले होते. (घराचा दरवाजा, नवीन, बिजागऱ्यांसकट. माझी कंबर तिथे गेली.) शेवटच्या वस्तीत लाकडी फळ्यांचं एक उतारघर आहे. मालकीणबाईंनी आम्हाला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आत्ता आलात? तीन आठवडे आधी यायचं होतं." मग बाहेर बघून म्हणाल्या, "नाहीतर सहा महिन्यांनी."

बाहेर धुकं होतं. किती, तर उतारघराच्या पायऱ्या चार आहेत हे आम्हाला मालकीणबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. पहिल्या दिवशी धुकं, दुसऱ्या दिवशी धुकं आणि वरच्या वाटेवरचा पूल वाहून गेल्याची बातमी, तिसऱ्या दिवशी नुसतंच धुकं. बाबा खिडकीशी मांडीवर एकोणचाळीस नंबरचा ताव पसरून बसले होते. चौथ्या दिवशी दुपारी, दोन वाजून सात मिनिटांनी, पडदा ओढावा तसं धुकं बाजूला झालं आणि समोर एवढा मोठा डोंगर उभा! बाबा उठून उभे राहिले. एकदा डोंगराकडे, एकदा कागदाकडे, पुन्हा डोंगराकडे. अकरा मिनिटांनी धुकं परत आलं. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "डाव्या खांद्याचा उतार बरोबर आलाय." एका महिन्यातलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. मी रोजनिशी काढायला गेलो आणि घाईत दिव्याला डोकं आपटलं, पण वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच चार पायऱ्या उतरताना बाबांचा उजवा गुडघा सुजला आणि आम्ही परत आलो. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून जीभ टाळ्याला लावली. जूनमध्ये ऑपरेशन. त्यानंतर चालता येईल? येईल की. डोंगर? "डोंगर विसरायचा, आजोबा. बाग. बागेतला बाक फार तर." आणि ऑपरेशनच्या आधी? "आधी काय करायचं ते दुसऱ्याच्या पायांनी करा." मी हे वाक्य खेचराला परवानगी असं समजलो. डॉक्टरांच्या मनात तसं असेलच असं नाही. मी उलटून विचारलं नाही, कारण उत्तर नको असेल तेव्हा प्रश्न विचारू नये एवढं मलाही कळतं.

म्हणजे जूनच्या आत. आणि अंदाजपंचे आता चालणार नव्हतं. मी त्या रानाच्या वनचौकीला पत्र लिहिलं: उत्तम ऋतू कोणता, आणि तळं असतं का, असल्यास कधी. तिथल्या वनरक्षकाचं उत्तर एका कार्डावर आलं, ते जसंच्या तसं देतो. "जानेवारी, फेब्रुवारी: रस्ता नसतो. मार्च: रस्ता असतो, वरून दगड येतात. एप्रिल, मे: चिखल, माश्या, नदीला पाणी, कुणी येत नाही. जून ते ऑगस्ट: पाऊस, जळवा. सप्टेंबर: बरा, पण अस्वलांनाही बरा. ऑक्टोबर: धुकं. नोव्हेंबर, डिसेंबर: मी रजेवर. तळ्याबद्दल मेंढपाळांना विचारून सांगतो." इतकं प्रामाणिक प्रमाणपत्र मी आमच्या खात्यातसुद्धा पाहिलेलं नाही.

फेब्रुवारीत दुसरं कार्ड आलं. "तळं आहे. वरचं बर्फ वितळलं की भरतं. बावीस-चोवीस दिवस राहतं. मग खालच्या खडकातून झिरपून जातं. एप्रिलअखेर ते मे. नक्की तारीख बर्फाला विचारा."

आत्या, मी ते कार्ड घेऊन कचेरीतून धावत घरी आलो. (अर्ध्या दिवसाची रजा टाकून, नियमाप्रमाणे.) म्हणजे विमानाने फोटो काढला तो नेमका त्या दिवसांत! फोटोच्या कडेला तारीख असते, पण कागद बाबांच्या टेबलावर येईपर्यंत कडा कापलेल्या असत, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. जावईबापू गेले तेव्हा पाणी झिरपून चार महिने झाले होते. दोघंही खरे! आणि जिला सगळं जग टाळतं ती चिखलाची, माश्यांची, पुराची वेळ, तोच आमचा उत्तम ऋतू! मी धापा टाकत कार्ड वाचून दाखवलं. मला वाटलं बाबा हसतील, निदान मिठाबद्दल काहीतरी बोलतील.

बाबा म्हणाले, "बावीस दिवस?"

"चोवीससुद्धा असतात."

"आणि उरलेले तीनशे त्रेचाळीस?"

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला सांगायचं की नाही, यावर माझे पहिले दोन खर्डे अडले होते. नकाशात पाण्याची रेघ दोन तऱ्हेची असते. बारमाही पाण्याला सलग निळी रेघ. हंगामी पाण्याला तुटक. बाबा एकोणतीस वर्षांचे होते. तळ्याची कड काढायची वेळ आली तेव्हा मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय, सलग की तुटक?" बाबांना माहीत नव्हतं. फोटोतून ते कळतच नाही. "माहीत नाही, माणूस पाठवून बघावं लागेल" असं म्हणायचं होतं, पण मागच्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने ते म्हटलं होतं आणि साहेब अख्ख्या हॉलसमोर त्याला हसले होते. बाबा म्हणाले, "सलग." साहेब पुढच्या टेबलाकडे गेले. तो ताव चार वेळा छापला गेला.

"कुणी तहानलेला माणूस," बाबा म्हणाले, "नकाशा बघून, पाणी आहे म्हणून, खिंड चढून गेला असेल तर?"

मी म्हणालो, "बाबा, पंचेचाळीस वर्षं झाली, कुणी तक्रार नाही केली."

"करायला परत यायला हवा ना."

सूनबाई आतून आली आणि म्हणाली, "अहो, एवढीशी रेघ ती." बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती हात पुसत परत गेली. आणि मला एकदम कळलं, आत्या. मी अठरा वर्षं काट्याखाली चिकटवलेल्या मेणाच्या गोळ्या शोधतोय. प्रत्येक दुकानदार मला हेच सांगतो, एवढीशी तर गोळी आहे साहेब. म्हणजे बाबा पाच महिने जावयावर रुसले नव्हते. चोरी पकडली गेल्यावर माणूस गप्प होतो तसे गप्प होते. फरक एवढाच की पकडणाऱ्याला आपण काय पकडलं ते ठाऊक नव्हतं.

इथे माझी दुसरी पंचाईत सुरू झाली. आता उत्तम ऋतू कोणता? तळं भरलेलं असताना बाबांना नेलं तर बाबा खरे ठरतात. पण ज्या दिवशी काटा बरोबर दाखवतो नेमका तोच दिवस निवडून तपासणीला जाणं, ही माझ्या धंद्यात लबाडी आहे. बरं, कोरड्या दिवसांत नेलं तर सत्त्याहत्तर टक्के गुडघा गेलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मेंढ्या दाखवायला खेचरावर घालून नेणारा मी मुलगा की पंच? (टक्केवारी डॉक्टरांची आहे.) बारा दिवस मी याच विचारात होतो. कचेरीत एका काट्यावर शिक्का उलटा मारला, नोकरीत पहिल्यांदा. शेवटी सूनबाईच म्हणाली, "भरलेलं दाखवू की आटलेलं दाखवू काय करताय? भरलेलं असताना जा आणि आटेपर्यंत बसा." मी तिला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, "पाणी कसं संपतं ते मला आपल्या टाकीत रोज दिसतं. तुम्ही या जाऊन."

तर ठरलं. भरल्यावर पोचायचं आणि काठावर तंबू ठोकून शेवटची ओल जाईपर्यंत हलायचं नाही. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून कपाटातून जुनी पेनं काढली आणि एकेक धुवायला घेतली. रोज सकाळी पाण्याची कड कुठे आहे ते काढायचं म्हणतात. म्हणजे बावीस रेघा, एकीच्या आत एक. त्या रात्री जेवताना मिठाबद्दल चार वाक्यं झाली.

आता कोण काय म्हणतं ते ऐकून घे, म्हणजे तुझ्याकडे कुणी तक्रार घेऊन आलं तर तयार असशील. धाकटी म्हणते, म्हाताऱ्या माणसाला चिखलात नेऊन मारणार आहेस. जावईबापू सगळं कळल्यावर इतके शरमले की त्यांनी आपल्या दोन्ही पिशव्या आणून दिल्या, पेल्यासकट. (फोटोची मोठी प्रत त्यांना द्यायचा बेत मी रद्द केला आहे.) आमच्या साहेबांनी रजेचा अर्ज वाचून चष्मा काढला. "एकतीस दिवस? कारण काय?" मी म्हणालो, एक तळं आटताना बघायचंय. ते म्हणाले, "अहो, आजारपण लिहा, मंजूर करतो." मी म्हणालो, आजारी नाही. "लग्न लिहा." कुणाचं? शेवटी 'इतर' या रकान्यात 'तळं' असं लिहून त्यांनी सही केली आणि म्हणाले, परत आल्यावर हे कुणाला दाखवू नका. खेचरवाल्याशी फोनवर बोललो. त्याचं खेचर नव्वद किलोपर्यंत नेतं, "अंदाजे". मी त्याला अंदाजे म्हणजे अधिक-उणे किती असं विचारलं. तो म्हणाला, "खेचराला नको असलं तर ते बसतं, तेच माप." बाबा बूट आणि पेनांसकट एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम भरतात. काटा मी स्वतः तपासलेला आहे, तेव्हा काळजी नसावी.

कुणी काहीही म्हटलं तरी आम्ही जाणार. माश्या असतील, चिखल असेल, नदी ओलांडायची आहे, आणि जगातली सगळी पुस्तकं म्हणतात की त्या दिवसांत जाऊ नये. त्याच दिवसांत जाणार. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट दोन्ही बाजूंनी तोलूनही एकीकडेच झुकलेली दिसते आहे. यात माझंच बोट पारड्याला लागलेलं असेल का, हेही तपासलं. असेल. असू दे.

डोळ्याला जप. औषधाचे थेंब मोजून घाल, अंदाजे नको.

तुझा,
सहा अंगांनी नम्र भाचा

ता. क. पत्र संपलं असं वाटलं असेल, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते आता लिहितो. या वेळी वर जायची बस तुझ्या गावात बदलावी लागते (ऑक्टोबरात प्रवास कंपनीची गाडी थेट गेली होती). त्या रात्री आम्ही तुझ्याकडे उतरू. बाबा तुला सलग रेघेचं स्वतः सांगणार आहेत. आत्तापासूनच त्यांनी मला बजावलंय, "ताईला मी सांगेन, तू मध्ये बोलू नकोस." (तेव्हा मी तुला लिहिलंय हे त्यांना ठाऊक नाही. ही लबाडी आहे. तिची वेगळी नोंद केली आहे.) माझी विनंती एवढीच की ते सांगतील तेव्हा "बरं, मग काय झालं", "तेव्हा लहान होतास", "कुणाचं काय बिघडलं" यातलं काहीही म्हणू नकोस. हे सगळं आम्ही म्हणून बघितलं. मी म्हटलं, सूनबाई म्हणाली, डॉक्टर म्हणाले, जावईबापू तर हात जोडून म्हणाले. प्रत्येक वेळी ते आणखी मिटले. पंचेचाळीस वर्षं त्या माणसाला कुणी रागावलेलंच नाही. आई असती तर ती रागावली असती. आता या जगात त्यांना रागावण्याचा अधिकार असलेली तू एकटीच उरली आहेस, आणि तू सव्वीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस. तेव्हा रागाव. नीट, शाळेत रागवायचीस तसं. उभं करून. माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणता येत नव्हतं का, असं विचार. ते रडले तर थांबू नकोस, पुरं कर. मग जेवायला वाढ.

ता. क. दुसरा. वर उत्तम ऋतूबद्दल जे काही लिहिलं, तारखा, बेत, एप्रिलअखेर वगैरे, ते सगळं रद्द समज. आत्ता वनचौकीतून फोन आला: यंदा ऊन लवकर तापलं, बर्फ सुटलं, तळं परवाच भरलं. बावीसातले दोन दिवस गेलेसुद्धा. आम्ही उद्या सकाळच्या बसने निघतोय. म्हणजे हे पत्र टपालात टाकलं तर आमच्यानंतर पोचेल. म्हणून टाकत नाही. तुझ्या दारात मीच तुझ्या हातात देईन.

ता. क. तिसरा. त्यात एक अडचण आहे. बाबा डोंगरातले नवे बूट घालूनच निघणार, आणि गुडघ्यामुळे ते काढायला त्यांना चार मिनिटं लागतात (तीनदा मोजून सरासरी). हे पत्र, तुझा एक डोळा धरून, बावीस मिनिटांचं आहे. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात 'आधी शेवट वाच' असं लिहितो आहे. तेव्हा पहिली पानं सावकाश नंतर वाच. तू आत्ता इथे आहेस, मी तुझ्यासमोर काही न कळल्यासारखा भिंतीकडे बघत उभा आहे, आणि बाबा दारात वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडताहेत.

कर सुरुवात, आत्या.